किनाऱ्यावरचे पाच तास

क्रूझवर निघालेल्या कुटुंबाला आठवडाभर कसलाच निर्णय घ्यावा लागत नाही असे म्हणतात, आणि ते बरेचसे खरे आहे. स्वयंपाक काय करायचा हा प्रश्न नाही, बोचकी बांधून हॉटेल बदलायचे नाही, उद्या कुठल्या गावी पोहोचायचे हे जहाज कंपनीने वर्ष-दीड वर्ष आधीच छापून ठेवलेले असते. म्हणूनच तर अमेरिकेत नोकरी करणारी मराठी मुले-मुली पुण्या-ठाण्याहून आलेल्या आई-वडिलांना हौसेने क्रूझवर नेतात. आई-बाबांना फार चालायला नको, नातवंडांना कंटाळा यायला नको आणि सुनेची चार दिवस ओट्यापासून सुटका. मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनहून कॅरिबियन समुद्राकडे निघणाऱ्या जहाजांच्या लिफ्टमध्ये ‘अहो, आपला मजला आला’ हे वाक्य आता कुणाला नवलाचे वाटत नाही.

अडते ते एकाच ठिकाणी. जहाज बंदराला लागणार त्या दिवशी कुठल्या किनाऱ्यावर जायचे? कंपनीच्या पत्रकात एकेका बंदरासाठी तीस-चाळीस सहली असतात आणि प्रत्येकीच्या फोटोत तेच निळे पाणी, तीच पांढरी वाळू आणि तोच झुललेला माड. नातवाला पाण्यावरची घसरगुंडी हवी असते. नातीला मासे बघायचे असतात. मुलाला एक आरामखुर्ची पुरते. आजोबांना ‘इथले गाव कसे आहे ते बघू’ असे वाटते आणि आजी म्हणते, ‘तुम्ही सगळे जा, मी बसते जहाजावर.’ माणशी पैसे मोजायचे असल्याने सहाजणांच्या कुटुंबात चुकीची निवड स्वस्तात पडत नाही. शिवाय आई-बाबांची ही बहुधा एकुलती एक क्रूझ असते. पुढच्या वेळी बघू, असे म्हणायची सोय नसते.

या निवडीत फोटोचा उपयोग सगळ्यात कमी. आधी घड्याळ काढून बसावे.

समजा, पत्रकात ‘सकाळी ८ ते संध्याकाळी ५’ असे लिहिले आहे. वाचणाऱ्याला वाटते, नऊ तास मिळाले. प्रत्यक्षात आठला जहाज धक्क्याला लागते. स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळून शिडी उघडेपर्यंत साडेआठ होतात. तीन-चार हजार माणसे एकाच वेळी उतरू पाहतात, त्यात आपली सहा डोकी गोळा करून, लहानग्याला पुन्हा एकदा बाथरूमला नेऊन धक्क्याबाहेर पडेपर्यंत साडेनऊ. टॅक्सी, किनारा, खुर्च्या मिळवणे, कपडे बदलणे, की वाजले साडेदहा. परतीकडून मोजा. जहाज पाचला सुटणार म्हणजे साधारण साडेचारला सगळे आत हवेत. शहाण्या माणसाने साडेतीनला किनारा सोडावा. हाती उरले पाच तास, त्यातला एक जेवणाचा. या पाच तासांत ज्या सहलीचे दोन-अडीच तास बसमध्ये जातात, ती सहल किनाऱ्याची नव्हे, बसची.

घड्याळाची आणखी एक गंमत आहे, आणि ती महागात पडू शकते. मेक्सिकोचे कोझुमेल बेट किंताना रो राज्यात आहे. या राज्याने २०१५ सालापासून उन्हाळ्यात घड्याळे पुढे करणे सोडून दिले. फ्लोरिडात मात्र मार्च ते नोव्हेंबर घड्याळे एक तास पुढे असतात. आपली आई-बाबा मंडळी जातात ती नेमकी याच महिन्यांत. जहाजाने फ्लोरिडाचीच वेळ कायम ठेवली असेल, तर कोझुमेलला उतरताच खिशातला मोबाइल आपण होऊन एक तास मागे जातो. त्यावर साडेतीन वाजलेले असतात तेव्हा जहाजावर साडेचार झालेले असतात! ग्रँड केमनची गतही तीच. काही जहाजे स्वतःच स्थानिक वेळ धरतात. म्हणून उतरण्यापूर्वी शिडीजवळची पाटी वाचावी आणि घरातल्या एकाच्या मनगटावर साधे, आपले आपण न बदलणारे घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावे. हे काम आजोबांकडे द्यावे. ते चुकत नाहीत.

ग्रँड केमनचा विषय निघालाच आहे तर तिथल्या उतरण्याविषयी. या बेटावर मोठ्या जहाजांना लागायला धक्काच नाही. जॉर्जटाउनसमोर जहाज नांगर टाकून उभे राहते आणि माणसांना छोट्या बोटींतून काठावर नेतात. या बोटींना तिकडे टेंडर म्हणतात. मुंबई-गोवा बोटीने प्रवास केलेल्या पिढीला हे समजावून सांगावे लागत नाही. हर्णे, दाभोळ, जयगडला बोट खोल पाण्यात थांबायची आणि पडावातून बायकामाणसे, पोरे आणि आंब्याच्या पेट्या बंदरावर यायच्या. टेंडर म्हणजे तोच पडाव, फक्त झाकलेला आणि इंजिनाचा. धक्का बांधावा की नाही यावर केमनमध्ये बरीच वर्षे वाद चालला. २०२५ साली सार्वमत घेतले, त्यात बहुसंख्य मतदारांनी ‘नको’ म्हटले. प्रवाळ मोडतील आणि गर्दी झेपणार नाही, ही त्यांची काळजी. मला त्यांचे म्हणणे पटते, पण ज्यांच्या आईचे गुडघे दुखतात त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की हलत्या बोटीत एक पाऊल टाकावे लागते. खलाशी दोन्ही बाजूंनी हात धरतात. तरीही पाऊल आपलेच असते. वारा उलटा असेल तर टेंडर बंद राहतात आणि जहाज त्या बंदराला न थांबता निघून जाते. आपल्याकडेही मुंबईहून २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलियाच्या सहली सुरू झाल्या, तेव्हा लक्षद्वीपला जाणाऱ्यांना हाच अनुभव आला. जहाज लांब उभे आणि बेट गाठायचे ते छोट्या बोटीने.

केमनचा सेव्हन माइल बीच नावाप्रमाणे सात मैलांचा नाही, साडेपाच-सहाच आहे. दक्षिण टोकाची वाळू गेल्या काही वर्षांत समुद्राने ओढून नेली आहे, त्यामुळे तिथे जायचे तर उत्तरेकडचा भाग गाठावा. पाणी संथ, उतार सौम्य, बंदरापासून टॅक्सीने थोडक्यात पोहोचता येते. आजी-आजोबांसह जायला याहून सोपी जागा क्वचित मिळेल. पण जहाजावरचे निम्मे लोक केमनला उतरतात ते पाकटांसाठी. नॉर्थ साउंडच्या उथळ पाण्यात कोळी पूर्वी आपली मासळी साफ करीत, टाकलेल्या आतड्यांच्या वासाने पाकट जमू लागली, आणि आज तिथे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले की ती मांजरासारखी पायांना घासून जातात. त्यांना पाण्याबाहेर उचलायला कायद्याने बंदी आहे. पाय उचलून न टाकता वाळूवरून सरकवत चालायचे, म्हणजे अंगावर पाय पडून नांगी लागण्याची भीती राहत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे आयुष्यभर आठवेल. मात्र बसने बोटीपर्यंत, बोटीने वाळूच्या पट्ट्यापर्यंत आणि शिडीने पाण्यात, अशी ही वाट आहे. आजींना बोटीत बसून बघायचे असेल तर जरूर न्यावे, पण त्या ‘नंतर किनाऱ्यावरही जाऊ’ हे विसरून जावे. एका दिवसात दोन्ही करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. संध्याकाळी त्यांच्यात कुणी कुणाशी बोलत नाही.

आता पाण्याबद्दल. अलिबाग, गुहागर किंवा गणपतीपुळे बघितलेल्या माणसाची समुद्राची समज भरती-ओहोटीवर तयार झालेली असते. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते. कॅरिबियनमध्ये बहुतेक ठिकाणी हा फरक फूट-दीड फुटाचा. त्यामुळे ओहोटीला लांबवर चालत जायचे, भरतीला मागे यायचे हा आपला हिशेब तिथे लागू पडत नाही. दुसरे म्हणजे पाणी इतके स्वच्छ की तळ दिसतो, आणि तळ दिसला की पाणी गुडघाभरच असणार असे आपले मन मानते. ते छातीपर्यंत असू शकते. अमेरिकेत वाढलेली नातवंडे पोहण्याच्या वर्गाला जाऊन तरबेज झालेली असतात, पण तलावात. आजी-आजोबांना बहुधा पोहता येत नाही. मधल्या पिढीतही मुलाला येते आणि सुनेला येत नाही, असेच चित्र फार. अशा कुटुंबाने पहिला प्रश्न विचारावा तो असा: इथे पाण्यात वाळूवरून चालत उतरता येते का?

हा प्रश्न कोझुमेलला सगळ्यात महत्त्वाचा. वर्षाला ४० लाखांहून अधिक क्रूझप्रवासी या बेटावर उतरतात आणि त्यातल्या पुष्कळांना बेटाचा किनारा कसा आहे हे उतरल्यावर कळते. पश्चिमेची बाजू आडोशाची, संथ, प्रवाळांनी भरलेली. पूर्वेची बाजू उघड्या समुद्राची. दिसायला देखणी, पण लाटा आणि ओढ इतकी की तिथे बसून नारळपाणी प्यावे, पाण्यात शिरू नये. पश्चिमेलाही धक्क्यांच्या जवळचा काठ बराचसा खडकाळ आहे. तिथल्या क्लबांत शिडीने थेट खोल पाण्यात उतरतात. मासे बघणाऱ्यांना ते उत्तम, चानकानाब उद्यानाची कीर्ती त्यावरच आहे. ज्यांना पायाखाली वाळू हवी त्यांनी टॅक्सीने आणखी दक्षिणेला, सान फ्रान्सिस्को किनाऱ्याच्या बाजूला जावे. तिकडच्या बीच क्लबांत माणशी ठरावीक रक्कम भरली की खुर्ची, सावली, गोड्या पाण्याची आंघोळ, आणि कुठे कुठे दिवसभराचे खाणेपिणेही मिळते. टॅक्सीला मीटर नसतो. भाडे विभागाप्रमाणे ठरलेले असते, फलक धक्क्याजवळ असतो. भाडे एका माणसाचे की पूर्ण गाडीचे, डॉलरमध्ये की पेसोमध्ये, हे बसण्यापूर्वी विचारून घ्यावे. रिक्षावाल्याशी बोलण्याची सवय असलेल्या आपल्या बायका यात मुलांपेक्षा हुशार निघतात.

पाण्यात काय घालायचे, यावर घरात कुणी मोकळेपणी बोलत नाही आणि म्हणूनच घोटाळा होतो. सुती सलवार-कमीज भिजली की जड होते, पायांना गुंडाळते, लाटेत तोल जातो. ओढणी तर सोबत नकोच. अंगभर कपडे हवे असतील तर पोहण्याच्या कापडाचा लांब बाह्यांचा सदरा आणि घोट्यापर्यंतची तुमान मिळते, ती घरून निघतानाच घ्यावी. उन्हापासूनही तीच वाचवते. आजीच्या मापाची आधी आणून ठेवली, की ‘मी बसते जहाजावर’ यातले निम्मे बसणे कमी होते.

कारण या वाक्याचा अर्थ मराठी घरात सरळ कधीच नसतो. ‘तुम्ही जा, आम्ही थांबतो’ म्हणजे कधी खरेच दमलो आहोत; कधी आमच्यासाठी इतके डॉलर कशाला; कधी आमच्यामुळे तुमचा खोळंबा नको; आणि कधी, एकदा तरी आग्रह करा. मुलाने ‘बरं आई’ म्हणून तिथेच विषय संपवला तर दिवस हातचा गेला. विचारायचे ते नेमके विचारावे. चालण्याची भीती आहे का, पाण्याची, कपड्यांची की पैशांची? चारही अडचणींवर उपाय आहेत, पण वेगवेगळे. आणि एवढे विचारूनही त्या जहाजावरच रमणार असतील तर मन खट्टू करून घेऊ नये. बंदराच्या दिवशी जहाज निम्म्याहून रिकामे असते, डेकवर सावलीतली खुर्ची मिळते, चहा हवा तेव्हा मिळतो. दोघांनी शांतपणे समुद्र बघत काढलेली ती दुपार आजोबांना सगळ्यात आवडल्याचे नंतर कळते.

चालण्याचीच अडचण असेल तर खासगी बेटाचा विचार करावा. बहामामध्ये बहुतेक मोठ्या कंपन्यांची आपापली बेटे आहेत. डिस्नेचे कॅस्टअवे के १९९८ पासून, एमएससीचे ओशन के २०१९ पासून. रॉयल कॅरिबियनने कोकोके बेट त्याच वर्षी नव्याने सजवले. यातल्या कित्येक ठिकाणी जहाज थेट धक्क्याला लागते, पुढे छोटी गाडी किनाऱ्यापर्यंत नेते, जाड चाकांची वाळूवर चालणारी चाकांची खुर्ची पहिल्या येणाऱ्याला मिळते, जेवणाचे बहुधा वेगळे पैसे पडत नाहीत. टॅक्सी नाही, घासाघीस नाही, जहाज चुकण्याची भीती जवळजवळ नाही. मात्र घसरगुंड्यांच्या पाण्याच्या बागेचे तिकीट वेगळे असते, आणि त्या तिकिटाची किंमत नातवाला कळण्यापूर्वी आई-बापांनी बघून ठेवावी. बेटावर गाव नाही, देऊळ-चर्च नाही, बाजारात भांडणारी बाई नाही. सगळी बहामा बघितली असे म्हणून घरी आलेल्या माणसाने बहामातले घर एकही बघितलेले नसते. तिथे खर्च केलेला पैसाही फिरून कंपनीच्याच तिजोरीत जातो. मला हे खटकते. तरी चाकांच्या खुर्चीतल्या आजीला पाण्याच्या काठापर्यंत नेता येत असेल, तर मी तक्रार करणार नाही.

नासाउला जहाज शहरातच लागते आणि जंकानू बीच धक्क्यापासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे. प्रवेश फुकट, खुर्ची-छत्री भाड्याने, शेजारी तळलेल्या शंखाच्या मांसाच्या टपऱ्या आणि मोठ्याने लावलेले संगीत. एकांत नाही, पण स्थानिक माणसे दिसतात, आणि कंटाळा आला तर अर्ध्या तासात आपण केबिनमध्ये. लहान मूल दुपारी झोपणारे असेल तर एवढे एक कारण पुरेसे आहे.

सहल जहाजाकडून घ्यायची की आपली आपण? जहाजाची महाग पडते, गर्दीची असते. पण तिची बस उशिरा आली तर जहाज थांबते, आणि बंदरच रद्द झाले तर पैसे परत मिळतात. आपण ठरवलेल्या टॅक्सीसाठी कप्तान थांबत नाही. माझ्या मते लांबच्या आणि बोटीच्या सहली जहाजाकडून घ्याव्यात, टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटांवरचा किनारा आपला आपण करावा. भारतीय पासपोर्टवर आलेल्यांनी एक जास्तीची खबरदारी घ्यावी. क्रूझ म्हणजे अमेरिकेबाहेर जाऊन परत शिरणे, तेव्हा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना, हे तिकीट काढण्यापूर्वी बघावे. अमेरिकेत जन्मलेल्या नातवाचे कागद आणि आजोबांचे कागद यांचे नियम एक नाहीत.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर आधी झेंडा बघावा. हिरवा, पिवळा, लाल यांचा अर्थ सिग्नलसारखाच. दोन लाल म्हणजे पाण्यात जायला बंदी. जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे त्रासदायक जीव. सार्वजनिक किनाऱ्यांवर जीवरक्षक असतीलच असे नाही. समुद्राकडे ओढणारा प्रवाह लागला तर त्याच्याशी झगडत किनाऱ्याकडे पोहू नये, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाहेर पडावे आणि मग वळावे. हे नातवंडांना जहाजावरच तोंडपाठ करून घ्यावे. काही किनाऱ्यांवर मँचिनील नावाचे झाड असते. त्याची हिरवी फळे छोट्या सफरचंदासारखी दिसतात आणि अत्यंत विषारी असतात. पावसात त्याच्याखाली उभे राहिले तर गळणाऱ्या पाण्यानेही कातडी भाजते. पडलेले फळ उचलून खाऊ नये, एवढा साधा नियम पुरे. २०११ पासून सारगॅसम नावाचे तपकिरी समुद्रशेवाळ उन्हाळ्यात ढिगाने वाहून येते आणि कुजले की वास सुटतो. पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांना त्याचा त्रास जास्त, कोझुमेलच्या पश्चिम बाजूला बराच कमी.

जेवणाचे म्हणाल तर जहाजावरचे शिजवलेले अन्न आणि फळे खाली न्यायला मनाई असते, पण कारखान्यातून बंद होऊन आलेली पाकिटे चालतात. चिवड्याचे न फोडलेले पाकीट पर्समध्ये टाकावे. शाकाहारी मंडळींनी मेक्सिकोत एवढे विचारावे: शिजवून घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचे पाणी असते, ते आहे का? ग्वाकामोले मात्र निर्धास्त खावे. पिकलेला अवोकाडो, कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू. आजीला पहिल्या घासातच त्यातली कोशिंबीर ओळखू येते.

साडेतीनला किनारा सोडायचा म्हणजे तीनलाच मुलांना हाका मारायला लागायचे. पाय धुणे, वाळू झटकणे, हरवलेली एक चप्पल, ‘शेवटचे एकदा’ असे म्हणत पुन्हा पाण्यात गेलेला नातू, यात अर्धा तास कसा जातो ते कळत नाही. धक्क्यावर तपासणीच्या रांगेत आणखी वीस मिनिटे. मग आंघोळी आटोपून वरच्या डेकवर जावे. पाच वाजायच्या सुमारास तिथे गर्दी जमलेली असते. सगळे कठड्याला रेलून धक्क्याकडे बघत असतात, कारण रोज कुणीतरी दोघे-तिघे हातात चपला आणि टॉवेल घेऊन, जिवाच्या आकांताने पळत येत असतात. लोक वरून टाळ्या वाजवतात, शिट्या मारतात, नावेही ठेवतात. आजोबा चहाचा कप हातात धरून मनगटावरचे घड्याळ बघतात आणि म्हणतात, ‘चार मिनिटं आहेत अजून. पोहोचतील.’